पाण्यावरची रेघ

सोलापूरच्या बाजारात सुक्या मासळीचा कोपरा आधी नाकाला सापडतो, मग डोळ्यांना. गोणपाटावर बोंबलाच्या जुड्या, शेजारच्या पाटीत खारवलेले बांगडे आणि कडेला जवळ्याचा गुलाबी-तपकिरी ढीग. इकडे त्याला जवळा म्हणणारे थोडे. सुकट म्हटले की हीच. कोरड्या तव्यावर भाजायची, वर कांदा, लसूण आणि काळे तिखट घालायचे, सोबत ज्वारीची कडक भाकरी. भाजी महागली की जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत हा बेत ठरलेला असतो. सुपात घेऊन सुकट निवडताना बोटांना कधीमधी वेगळेच काही लागते: चपटे, चंदेरी, रुपयाच्या नाण्याएवढे. ते पापलेटचे पिल्लू. बारीक आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, जाळ्यात जवळ्याबरोबर आले, त्याच्याबरोबरच वाळले आणि आता पाखडून बाजूला पडले. पुरते वाढले असते तर त्या एकट्या माशाला अख्ख्या मापाच्या सुकटीहून जास्त पैसे आले असते.

हे पुस्तक त्या पिल्लाचा माग उलटा काढत किनाऱ्यापर्यंत आणि तिथून पाण्यात उतरते. विषय आहे सागरी संरक्षित क्षेत्रांचा: समुद्राचा एखादा तुकडा नकाशावर आखून घ्यायचा, तिथे काय चालेल आणि काय चालणार नाही याचे नियम करायचे, आणि ते पाळले जातील अशी व्यवस्था उभी करायची. व्याख्या एवढी सोपी आहे. पुढची पाने भरली आहेत ती त्या व्याख्येतल्या तिसऱ्या कलमाने.

समुद्रावरचे पुस्तक सोलापुरातून का, हा प्रश्न कुणीही विचारील. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. त्यातही इथले पाणी त्याच्याकडे जातच नाही. भीमाशंकरला उगवलेली भीमा पुण्या-पिंपरीचे सांडपाणी पोटात घेऊन उजनीत थांबते, पंढरपुरात चंद्रभागा म्हणवून घेते, कर्नाटकात कृष्णेला मिळते आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला. त्या मुखाशी कांदळवनांचे कृष्णा अभयारण्य आहे. म्हणजे सोलापूरकराच्या ताटात एका समुद्राची मासळी येते आणि मोरीचे पाणी दुसऱ्या समुद्राच्या वाट्याला जाते. दोन्हींशी त्याचे देणेघेणे आहे. ओळख मात्र एकाशीही नाही.

पण खरे कारण वेगळे आहे. संरक्षित क्षेत्र म्हणजे काय आणि ते कुठे फसते, हे समजायला सोलापूरच्या माणसाला समुद्रावर जायची गरज नाही. त्याने माळढोक अभयारण्य पाहिले आहे.

१९७९ साली सोलापूर आणि शेजारच्या नगर जिल्ह्याचा मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचा पट्टा एका पक्ष्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात माळराने होती तशीच गावे, उसाचे मळे, रस्ते आणि बाजारपेठाही होत्या. नकाशावर हात सढळ होता. प्रत्यक्षात जमिनीच्या खरेदी-विक्रीपासून साध्या बांधकामापर्यंत जागोजागी अडचणी उभ्या राहिल्या, आणि ज्या शेतकऱ्याच्या वावरात माळढोक पूर्वी निर्धास्त फिरायचा त्याच शेतकऱ्याला तो पक्षी सातबाऱ्यावरच्या बोज्यासारखा वाटू लागला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अभयारण्य आक्रसून १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. तोवर पक्षीही आक्रसले होते. आज अभयारण्यातल्या नान्नजला माळढोक दिसला तर ती बातमी होते.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितली जात नाही म्हणून इथे नोंदवायला हवी. नान्नजला माळढोक टिकला होता तो अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात राखलेल्या गवताच्या तुकड्यांवर. तिथे चराई बंद होती, गवत गुडघ्याला लागत होते, मादीला जमिनीवर अंडे घालायला आडोसा होता. हजारो चौरस किलोमीटरच्या घोषणेला जे जमले नाही ते काही थोड्या, पण खरोखर राखलेल्या कुरणांनी बरीच वर्षे निभावले. लहान पण खरे बंद क्षेत्र एकीकडे, मोठे पण कागदी दुसरीकडे. समुद्राच्या बाबतीत जगभर गेली पन्नास वर्षे जो वाद चालू आहे, तो मुळात हाच.

जमिनीवरची राष्ट्रीय उद्याने एकोणिसाव्या शतकातली. समुद्राची पाळी उशिरा आली, कारण समुद्र संपेल असे कुणाला वाटतच नव्हते. १९३५ साली अमेरिकेने फ्लॉरिडाच्या टोकाजवळचा फोर्ट जेफरसन हा सागरी किल्ला भोवतालच्या पाण्यासह राष्ट्रीय स्मारक केला. आपल्याकडे मालवणच्या सागरी अभयारण्याच्या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला आहे. पाण्याला पहिले संरक्षण अनेकदा किल्ल्याच्या आडोशाने मिळाले, हा योगायोग गमतीचा. १९६२ साली सिअ‍ॅटलला राष्ट्रीय उद्यानांची पहिली जागतिक परिषद भरली आणि तिथे समुद्रातही उद्याने हवीत अशी मागणी पुढे आली. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाने ग्रेट बॅरियर रीफचा कायदा केला. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये लेई या गावाजवळचा जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचा तुकडा पूर्ण बंद झाला.

लेईची गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी. बिल बॅलंटाइन नावाच्या शास्त्रज्ञाने तिथल्या सागरी प्रयोगशाळेत बसून बरीच वर्षे या बंदीचा पाठपुरावा केला. मासेमारी थांबली तेव्हा तिथला खडक उघडाबोडका होता. काटेरी समुद्री साळू त्यावर चरत होते आणि समुद्री शेवाळाचे रान उगवू देत नव्हते. हळूहळू स्नॅपर मासे मोठे झाले, शेवंडे वाढले. दोघेही साळू खातात. साळू घटले तसे शेवाळाचे रान परतले, आणि रानाबरोबर त्यात दडणारी लहान मासळीही. कुणी काही लावले नाही, पेरले नाही. फक्त काढणे थांबवले.

इथून एक पंथ निघाला. त्याला सोयीसाठी कुलूपवाले म्हणता येईल. त्यांचे म्हणणे असे, की अर्धवट बंदी ही बंदीच नव्हे; समुद्राचा काही भाग पूर्ण बंद करा आणि विसरून जा. या मागणीमागे जीवशास्त्राचा भक्कम आधार आहे. मासळीत मोठी, वयस्क मादी ही लहान मादीच्या तुलनेत नुसती थोडी जास्त नव्हे तर कित्येक पटींनी अधिक अंडी घालते. जाळे नेमके मोठ्यांनाच आधी उचलते. कुलूपबंद पाण्यात अशा माद्या टिकतात, त्यांची अंडी-पिल्ले प्रवाहाबरोबर बाहेर वाहतात आणि भोवतीच्या खुल्या पाण्यात मासेमाराच्या जाळ्यात येतात. बँकेतली मुद्दल न मोडता व्याजावर राहावे, तसा हा हिशेब.

दुसरा पंथ जाळेवाल्यांचा. अमेरिकेतले मत्स्यशास्त्रज्ञ रे हिलबॉर्न हे त्यातले ठळक नाव. त्यांचा आक्षेप बोचरा आहे: एका तुकड्याला कुलूप लावले की तिथल्या होड्या नाहीशा होत नाहीत, त्या शेजारच्या तुकड्यावर जाऊन पडतात. मग तिथला ताण वाढतो आणि एकूण बेरीज तीच राहते. त्यापेक्षा किती होड्या, कोणती जाळी, केवढा आस, कोणता हंगाम आणि कोणत्या आकाराचा मासा, यावर सगळ्या समुद्रात बंधन घाला. आपल्याकडचा पावसाळी बंदीचा ६१ दिवसांचा काळ हा याच विचाराचा. त्याआधीच्या पिढ्यांत नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी पाण्यात लोटायची नाही, हा दंडक कायद्याच्या कितीतरी आधीपासून तेच काम करत होता.

तिसरा पंथ गावकीवाल्यांचा, आणि त्याचे माहेर फिलिपिन्स. तिथल्या सुमिलोन बेटाजवळ सिलिमन विद्यापीठाच्या एंजेल अल्काला यांच्या पुढाकाराने १९७४ साली प्रवाळाचा एक पट्टा बंद झाला. दहा वर्षांनी स्थानिक सत्ता बदलली, बंदी मोडली आणि मासेमारी सुरू झाली. मासेमारीची जागा वाढली होती. पकड वाढायला हवी होती. ती घटली. बंद पट्टा आजूबाजूच्या पाण्याला मासळी पुरवत होता, हे सिद्ध करायला याहून मोठा प्रयोग मुद्दाम कुणी आखला नसता. शेजारच्या आपो बेटावर मात्र अल्कालांनी उलटी वाट धरली. १९८२ पासून बेटावरच्या लोकांनी स्वतः किनाऱ्यालगतचा जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा पट्टा निवडला, स्वतःच राखणदारी केली. तो टिकला. फिजीत तर गावाने ठरावीक पाण्यावर ठरावीक काळ ‘ताबू’ घालायची रीत जुनीच आहे. आधुनिक संवर्धनाने ती फक्त नव्या नावाने लिहून घेतली.

या तिघांपलीकडे गेल्या वीस वर्षांत चौथे एक वळण आले, प्रचंड क्षेत्रांचे. बड्या देशांनी दूरच्या, जवळजवळ निर्मनुष्य बेटांभोवती लाखो चौरस किलोमीटर समुद्र एका सहीने संरक्षित केला. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण यातले एक उदाहरण कायम लक्षात ठेवावे असे. ब्रिटनने १९६८ ते १९७३ या काळात हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरून मूळ रहिवाशांना हुसकावले, आणि २०१० साली त्याच बेटांभोवती भलेमोठे सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केले. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ती घोषणा सागरी कायद्याचा भंग ठरवली. मासे वाचवायच्या नावाखाली माणसे परत येऊ नयेत याची सोय लावता येते, हे तिथे उघड झाले.

कोणता पंथ बरोबर? २०१४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने जगभरची ८७ संरक्षित क्षेत्रे तपासली आणि पाच कसोट्या मांडल्या: मासेमारी पूर्ण बंद आहे का, अंमलबजावणी चोख आहे का, वय दहा वर्षांहून अधिक आहे का, आकार शंभर चौरस किलोमीटरहून मोठा आहे का, आणि खोल पाण्याने वा वाळूने ते वेगळे पडले आहे का. यातल्या एकदोनच कसोट्या उतरलेली क्षेत्रे मासेमारी चालणाऱ्या साध्या पाण्यापेक्षा काही वेगळी निघाली नाहीत. आता मालवण घ्या. मासेमारी बंद नाही, अंमल ढिला, आकार लहान, किनाऱ्याला चिकटलेले. पाचांपैकी एका कसोटीत ते निर्विवाद उतरते: वय.

भारतात या प्रवासाची सुरुवात गुजरातेत झाली. कच्छच्या आखातात जामनगरच्या किनाऱ्याला १९८० साली सागरी अभयारण्य आणि १९८२ साली देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. पाठोपाठ अंदमानात वंडूर, मग १९८६ साली तमिळनाडूत मन्नारच्या आखातातली २१ बेटे, १९९७ साली ओडिशात कासवांसाठी गहिरमाथा. सगळ्यांच्या मुळाशी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा होता. तो लिहिताना डोळ्यांसमोर वाघ आणि जंगल होते; समुद्र नंतर त्यात बसवला गेला. पुढे त्यात दुरुस्ती झाली आणि सागरी हद्दीत अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताची पुरेशी काळजी घ्यावी, असे स्पष्ट वाक्य कलम २६-अ मध्ये आले. आणखी दशकभराने ‘संवर्धन राखीव’ आणि ‘समुदाय राखीव’ असे सौम्य पर्यायही आले. लक्षद्वीपची समुद्री काकडी आणि पाल्कच्या उपसागरातला डुगाँग यांच्यासाठी अलीकडे संवर्धन राखीवचीच वाट धरली गेली.

मालवणची घोषणा मात्र या दुरुस्तीच्या आधीची. १३ एप्रिल १९८७. एकूण २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यात गाभा ३.१८२, उरलेला सगळा बफर. गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतीचे पाण्याखालचे खडक. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर किल्ल्याचे काम सुरू केले ते याच खडकांच्या भरवशावर. परकी जहाजे त्यात फसावीत म्हणून. त्याच खडकांवर प्रवाळ वाढतात, हे १९७९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वफर यांनी नोंदवले. तोवर पश्चिम किनाऱ्याच्या या पट्ट्यात जिवंत प्रवाळ असतील असे फारसे कुणी धरून चालत नव्हते. आठ वर्षांनी अभयारण्य झाले. ज्यांची जाळी त्या पाण्यात रोज पडत होती त्या गाबितांना आणि दालदींना ते आधी विचारून झाले नाही, आणि विरोध पहिल्यापासून राहिला.

त्यांचा राग समजायला रापण पाहिली पाहिजे. होडी किनाऱ्यावरून निघते, अर्धवर्तुळात जाळे सोडत जाते आणि दुसऱ्या टोकाला किनाऱ्याला लागते. मग दोन रांगा, पन्नाससाठ माणसे, दोन्ही दोर ओढत राहतात. म्हातारे, पोरे, वाटेने जाता जाता थांबलेला कुणी. जाळे वाळूवर आले की बांगडे उसळतात, आणि लगेच वाटे पडतात: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, हातांचा वाटा. ज्याने दोराला हात लावला त्याला काहीतरी मिळते. अशा माणसाला अभयारण्याच्या फलकावर ‘प्रवेश निषिद्ध’ दिसते, आणि संध्याकाळी क्षितिजावर पर्ससीनच्या यांत्रिक होड्यांचे दिवे दिसतात. पर्ससीनमध्ये मासळीचा थवा वेढायचा आणि बटव्याची नाडी ओढावी तसे जाळ्याचे बूड आवळायचे. थव्यातले फार थोडे निसटते. रापणकराचा प्रश्न साधा असतो: नियम कुणासाठी?

या प्रश्नाला सरकारने दिलेले उत्तर अभयारण्यातून आले नाही, जाळ्यांच्या नियमांतून आले. डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने पर्ससीनवर हंगामाची आणि संख्येची बंधने घातली. पुढच्या वर्षी केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करून पकडण्यावर बंदी आणली. १९८१ च्या राज्य मासेमारी नियमन कायद्यात २०२१ साली दंड वाढवले गेले. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि ५४ प्रजातींसाठी पकडीचा किमान आकार ठरवून दिला गेला. पापलेटसाठी १३५ मिलीमीटर. सुपातले ते नाण्याएवढे पिल्लू म्हणजे या आदेशाचा रोजचा भंग. मालवणात ‘मत्स्यदुष्काळ’ हा शब्द आता वर्तमानपत्रांत सर्रास येतो. दुष्काळ जाहीर करा, ही मागणी सोलापूरकराच्या कानांना किती परिचयाची! फक्त इथे आभाळाकडे पाहतात, तिथे पाण्याकडे.

प्रस्तावनेत मत मांडणे चालत असेल तर ते असे. मालवण अभयारण्य ना पुरते बंद झाले, ना पुरते वाटाघाटीतून ठरले. कुलूपवाल्यांना तिथे कुलूप दिसत नाही, गावकीवाल्यांना गावकी दिसत नाही. किल्ल्याभोवती आता स्कूबाच्या होड्या आहेत. मच्छीमारांची पोरेच त्यावर काम करतात आणि पर्यटकांना प्रवाळ दाखवतात. म्हणजे त्या खडकांना पैशात मोल आले आहे, तेही मच्छीमाराच्याच घरात. १९८७ साली हे हाताशी नव्हते, आज आहे. गाभ्याच्या तीन चौरस किलोमीटरवर नव्याने बोलणी करायची तर ती याच पोरांपासून सुरू होतील.

बोलणी जमतात, याचे उदाहरण याच किनाऱ्यावर उत्तरेला आहे. मंडणगड तालुक्यातले वेळास. ऑलिव्ह रिडले कासवे तिथे अंडी घालायला येत आणि ती अंडी पूर्वापार उकरून खाल्ली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले समुद्रात सोडतात ती पाहायला माणसे येतात आणि गावातल्या घरांत उतरतात, सोलकढी पितात, पैसे देऊन जातात. तिथे अभयारण्य नाही. जानेवारी २०२२ मध्ये वेळासलाच एका मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवून तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले, आणि पश्चिम किनाऱ्यावरचे कासव जाते कुठे हे पहिल्यांदा नकाशावर दिसू लागले. जाळ्यात अडकलेले कासव किंवा देवमुशी मासा सोडण्यासाठी जाळे कापावे लागले तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई, ही राज्याची २०१८ ची योजनाही याच सुरातली.

कांदळवनांची कथा निराळी, ती न्यायालयातून आली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनतोडीला लगाम घातला आणि २०१२ मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा राहिला. ठाणे खाडीचे १६.९०५ चौरस किलोमीटर २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात जे अग्निपंख पाहायला सोलापूर-पुण्याची मंडळी पहाटे होडीत बसतात, त्याच जातीचा पक्षी तिथे महानगराच्या गटारमुखाशी थव्यांनी उभा असतो. फरक एवढाच, की तिथली चिखलवट कायद्याने राखलेली आहे.

आणि एक जागा अशी, जिथे माणूस जवळजवळ नाहीच. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्राचा तळ अचानक वर येतो, इतका की माथ्यावर पाणी जेमतेम वीस मीटर खोल उरते आणि सूर्यप्रकाश पोहोचतो. कान्होजी आंग्र्यांच्या नावाची ही आंग्रिया बँक. प्रवाळाचा हा पठारासारखा विस्तार राज्याच्या सागरी हद्दीबाहेर पडतो, म्हणून वन्यजीव कायदा तिथे नीट लागू होत नाही आणि केंद्राच्या सागरी क्षेत्र कायद्याचा आधार शोधावा लागतो. ज्या आरमाराने आपल्या पाण्यात फिरायला परवाना घ्यायला लावला त्याच्या सरखेलाच्या नावाची जागा कुणाच्या अखत्यारीत येते यावर फायली फिराव्यात, यावर कान्होजी हसले असते.

हा विषय आज ऐरणीवर येण्याची कारणे पाण्यात आहेत तशी कागदावरही. डिसेंबर २०२२ च्या जागतिक जैवविविधता करारात २०३० पर्यंत जमीन आणि समुद्र दोन्हींचे ३० टक्के क्षेत्र संरक्षित करायचे ठरले, आणि भारत त्यात आहे. मुदत जवळ आली की देश काय करतात, हे माळढोकाच्या गावाला सांगायला नको: मोठी रेघ ओढतात. दुसरीकडे अरबी समुद्र तापतो आहे, निसर्ग आणि तौक्ते ही वादळे लागोपाठच्या वर्षांत कोकणावर आली, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या प्रवाळांची चौथी मोठी विरंजन-लाट जाहीर केली. तापलेल्या पाण्याला कुठलीही रेघ अडवत नाही. पण मासळीने भरलेला खडक सावरतो लवकर, एवढे तरी हाताशी असते. त्याच २०२४ साली पालघरच्या वाढवण बंदराला ७६ हजार २२० कोटींची मंजुरी मिळाली, डहाणूच्या मच्छीमारांचा विरोध असताना. एका हाताने जाळ्याचा आस मोजायचा आणि दुसऱ्या हाताने समुद्रात भराव टाकायचा, अशा काळात संरक्षित क्षेत्राची मागणी करणाऱ्यालाही मच्छीमाराने संशयाने पाहावे, यात नवल नाही.

या पुस्तकाने अशा संशयाला बगल दिलेली नाही. त्यात प्रवाळाचे जीवशास्त्र आहे आणि कलमांचा ऊहापोहही, पण दोन्ही गोष्टी किनाऱ्यावरच्या माणसाच्या तोंडून, त्याच्या शब्दांत तपासून घेतल्या आहेत: आस, वाटा, उधाण, भांग. लेखन घाटावरच्या वाचकाला धरून केलेले असल्याने भरती-ओहोटीपासून सुरुवात आहे. कोकणी वाचकाने ती पाने चाळून पुढे जावे. सगळ्या भारताचा आढावा घेण्याचा मोह टाळला आहे, आणि तो टाळताना मन्नारसारख्या मोठ्या क्षेत्राला कमी पाने मिळाली, ही तक्रार रास्त ठरेल. उलट मालवणला जास्त पाने मिळाली आहेत, कारण मराठीत या एका अभयारण्याविषयी सलग, एका जागी आणि दोन्ही बाजू ऐकून लिहिलेले फार थोडे सापडते. पर्ससीनवाल्यांचे म्हणणेही त्यात आहे. कर्ज काढून घेतलेल्या होडीचा हप्ता कुणाला चुकत नाही, आणि सगळा दोष एकाच जाळ्यावर टाकून समुद्राचा हिशेब जुळत नाही, हे ते म्हणतात तेव्हा त्यांचे ऐकून घ्यावे लागते.

पुस्तकाला मालवणचा एक नकाशा जोडला आहे. त्यावर गाभ्याची रेघ ठळक काळी आहे. प्रत्यक्षात ओहोटीला मालवणच्या किनाऱ्यावरून पद्मगडाकडे चालत जाता येते. घोट्याएवढे पाणी, पायाखाली खडबडीत खडक, कपारीत अडकलेला एखादा खेकडा, डाव्या-उजव्या हाताला उभ्या होड्या. ती रेघ कुठे ओलांडली ते चालणाऱ्याला कळत नाही. दोनेक तासांत भरती सुरू होते आणि वाट बुडते. पहिले प्रकरण त्या दोन तासांत घडते.